जवारी मिरचीचं बी धरताना: एकच वाण चार रानांत सारखा यावा म्हणून

गडहिंग्लज भागात जवारी मिरचीचं बी घरचंच धरलं जातं. वाळवणातली लांब, लालभडक, पातळ सालीची मिरची हाताला लागली की ती बाजूला पडते आणि पुढच्या वर्षी तिचाच तरू (लावणीसाठीची रोपं) टाकला जातो. रीत जुनी आहे आणि वाण टिकला तो तिच्यामुळेच. पण एकाच घरच्या बियातून एका सरीत वीतभर लांब मिरची, शेजारच्या सरीत बोटभर, एक झाड जाळ तर दुसरं नुसतं लाल, असं का होतं याचं उत्तरही त्याच रीतीत आहे. निवड फळाची होते. बी मात्र झाडाचं असतं, आणि त्या झाडाच्या फुलावर कोणाचा पराग पडला हे फळ बघून कळत नाही.

कोल्हापूर जिल्ह्यात हा प्रश्न जास्त टोचतो, कारण इथे रानं फार वेगवेगळी आहेत. गगनबावड्याला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, शिरोळला पाचशे-सहाशे. पश्चिमेला जांभी तांबडी माती, पूर्वेला खोल काळी, त्यातही नदीकाठी क्षारपड पट्टे. हिरण्यकेशीच्या काठची मिरची शिरोळच्या काळ्या रानात नेली आणि ती आखूड आली, तर दोष मातीचा की बियाचा? हे वेगळं करता आलं तरच वाण सुधारतो. पुढचं सगळं त्यासाठीच आहे.

आधी फुलाकडे जवळून बघा. मिरचीचं फूल पांढरं, बहुधा पाच-सहा पाकळ्यांचं, खाली मान घातलेलं. मध्ये हिरवट पांढरी कुक्षी, म्हणजे पराग झेलणारं टोक, तिच्याभोवती निळसर जांभळे परागकोष. फूल पहाटे उमलतं. तेव्हा परागकोष बंद असतात आणि कुक्षी तयार असते. दिवस वर आला की कोष उभे चिरतात आणि पिठासारखा पराग सुटतो. या मधल्या वेळात मधमाशी दुसऱ्या झाडाचा पराग घेऊन आली तर बी संकरित झालंच. म्हणून मिरची स्वतःच्या परागाने फळणारी असली तरी तिच्यात परपरागीभवन बरंच होतं. किती, ते मधमाश्या, वारा आणि शेजारच्या पिकावर ठरतं, त्यामुळे एका रानाचा आकडा दुसऱ्या रानाला लागू होत नाही. प्रमाणित बियाण्यासाठी मिरचीच्या दोन वाणांत २०० मीटर आणि पायाभूत बियाण्यासाठी ४०० मीटर अंतर मागतात ते याचसाठी. आपल्याकडच्या तुकड्या-तुकड्यांच्या शेतीत चारी बाजूंनी ४०० मीटर मोकळं मिळणं अवघड. तेव्हा अंतराऐवजी पिशवी वापरायची.

इथे एक गैरसमज काढायला हवा. ढोबळी मिरची शेजारी लावली म्हणून या वर्षीची तिखट मिरची फिकी होत नाही. फळाची साल आणि गर आईच्या झाडाचाच असतो. बदल होतो तो आतल्या बियात, आणि दिसतो पुढच्या वर्षी. तोही पूर्ण दिसत नाही, कारण तिखटपणा असणं हा गुण प्रभावी आहे, म्हणजे आई-बापांपैकी एकाकडूनच आला तरी दिसतो. ढोबळीचा पराग लागलेल्या बियाचं झाड तिखटच येतं, फक्त फळ जाड आणि बुटकं होतं. त्या झाडाचं बी पुन्हा धरलं की चारात एक झाड सपक निघतं. म्हणजे चूक झाली एका वर्षी आणि कळली दोन वर्षांनी. तोवर बी चार घरी वाटलेलं असतं.

सुरुवात करायची ती झाडांच्या निवडीने, आणि पहिली मोठी चूकही इथेच होते. आपण रानात फिरतो आणि सगळ्यांत भरलेली झाडं निवडतो. ती निघतात उकिरड्याची माती पडलेल्या कोपऱ्यातली, पाटाच्या तोंडची, नाहीतर बांधाकडेची, जिथे ऊन आणि जागा जास्त. आपण खताची निवड केलेली असते आणि नाव बियाचं घेतो. अमेरिकेत मक्यावर काम करणाऱ्या गार्डनरने १९६१ साली यावर साधा उपाय मांडला: रानाचे चौकोन पाडा आणि प्रत्येक चौकोनातलं उत्तम झाड घ्या. मिरचीला तो जसाच्या तसा लागू पडतो. ६० बाय ४५ सेंटीमीटरवर ४०० झाडं लावली तर गुंठ्याहून थोडी जास्त जागा लागते. दोऱ्या लावून वीस-वीस झाडांचे २० चौकोन करायचे. कडेची ओळ मोजायचीच नाही. प्रत्येक चौकोनातून एकच झाड घ्यायचं, मग तो चौकोन कितीही रोडका असो. हलक्या कोपऱ्यातलं बेताचं दिसणारं झाड आपल्या शेजाऱ्यांपेक्षा सरस असेल, तर ते पाटाच्या तोंडच्या टोलेजंग झाडाइतकंच मोलाचं आहे.

काय बघायचं ते आधी वहीत लिहून ठेवा आणि चार-पाच गुणांच्या पुढे जाऊ नका. जवारीसाठी माझ्या मते हे पुरेत: दुसऱ्या तोड्यातल्या दहा लाल फळांची लांबी, वाळल्यावरचा रंग, सालीचा पातळपणा, तिखटपणा, आणि बोकड्या (पानं वळून चुरडण्याचा रोग) पडला का नाही. उत्पन्न या टप्प्याला मोजू नका. एका झाडाच्या वजनावर मातीचा इतका हात असतो की त्यावरून बियाबद्दल फारसं कळत नाही. लांबी आणि फळाचा आकार त्या मानाने विश्वासू गुण आहेत.

निवडलेल्या झाडाला पिशवी बांधायची. पहिल्या-दुसऱ्या बहराची, अजून कळ्यांत असलेली फांदी धरा. तिच्यावरची उमललेली सगळी फुलं आणि लागलेली फळं खुडून टाका. हे विसरलं तर पिशवीच्या आत जुनं संकरित फळ आरामात पिकतं आणि आपण तेच शुद्ध समजून ठेवतो. मलमलीची किंवा बारीक नायलॉन जाळीची वीतभर पिशवी चढवून तोंडाशी कापसाचा पदर देऊन सुतळीने बांधा. कापूस नसला तर मुंग्या आत जातात. रोज सकाळी नऊ-दहाच्या सुमारास फांदीला बोटाने दोन टिचक्या मारा, पराग झडायला तेवढं पुरतं. आठ-दहा दिवसांत हरभऱ्याएवढी फळं दिसली की पिशवी काढा आणि लगेच त्या फळांच्या देठाला रंगीत दोरा बांधा. पिशवी तशीच ठेवली तर आत ऊब धरून फुलगळ होते, पावसाळ्यात बुरशी येते. पिशव्या नसतील तर आदल्या संध्याकाळी टपोऱ्या पांढऱ्या कळीच्या टोकाला फेव्हिकॉलचा बारीक ठिपका लावायचा. पाकळ्या उघडत नाहीत, आतल्या आत फळ धरतं. मेहनत जास्त, पण फळ खात्रीचं. एका झाडाची अशी चार-पाच फळं मिळाली तर दोन-अडीचशे बिया होतात आणि पुढच्या कामाला त्या भरपूर आहेत.

आता मुख्य गोष्ट. वीस झाडांचं बी एकत्र करायचं नाही. वीस पाकिटं, वीस क्रमांक. पुढच्या हंगामात एका पाकिटाची एक ओळ, ओळीत २५ झाडं. झाड आपल्याला स्वतःचं रूप दाखवतं. ते पुढे काय देणार, हे त्याच्या लेकरांची ओळ दाखवते. डेन्मार्कच्या योहान्सेनने १९०३ साली घेवड्यावर हेच दाखवलं होतं. एका शुद्ध कुळातला मोठा दाणा पेरा किंवा बारीक दाणा पेरा, लेकरं सारख्याच सरासरीची येतात, कारण त्या कुळातला लहान-मोठा फरक माती-पाण्याचा असतो. जवारीचं घरचं बियाणं मात्र अनेक कुळांचं मिश्रण असतं. म्हणून आपल्याला कुळं वेगळी करायची आहेत, आणि ती ओळीतच वेगळी होतात.

२५ झाडं का, यालाही हिशेब आहे. समजा, लोंबत्या फळांचं एक झाड निवडलं. फळ लोंबणं हा गुण प्रभावी, आभाळाकडे तोंड करून उभं राहणं अप्रभावी. त्या झाडात उभ्या फळाचा गुण लपलेला असेल तर त्याच्या लेकरांत चारात एक झाड उभ्या फळांचं निघेल. ११ लेकरं बघितली तर असं लपलेलं बिंग ९५ टक्के वेळा उघडं पडतं. २५ बघितली तर जवळजवळ नेहमीच. पाच-सहा झाडं लावून ‘ओळ एकसारखी आली’ म्हणणं फसवं आहे.

ओळीत फिरताना दोन गोष्टी मांडायच्या: ओळीची सरासरी आणि ओळीतला फरक. दहा झाडांच्या फळांची लांबी मोजा, सरासरी काढा आणि प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून किती पांगले त्याचं माप) काढा. मोबाइलच्या स्प्रेडशीटमध्ये ते एका सूत्राने निघतं. सरासरी १३ सेंटीमीटर आणि विचलन १.३ म्हणजे १० टक्के. लांबीसाठी १० टक्क्यांच्या आतली ओळ मी ठेवण्यासारखी मानतो. सरासरी चांगली पण फरक जास्त असेल तर ती ओळ अजून फुटते आहे. टाकून देऊ नका, तिच्यातली तीन-चार झाडं पुन्हा पिशवी बांधून पुढे न्या. स्वपरागाच्या प्रत्येक पिढीत मिश्र जोड्या (एकाच गुणाची आई-बापाकडून आलेली दोन वेगळी रूपं) निम्म्या होतात. संकराची पहिली पिढी पूर्ण मिश्र धरली तर दुसरीत ५० टक्के, तिसरीत २५, चौथीत १२.५, पाचवीत ६.२५, सहावीत ३ टक्क्यांच्या जवळ. घरच्या जवारीत कुळं अनेक असली तरी एकेका झाडातल्या मिश्र जोड्या मुळातच कमी असतात, त्यामुळे तीन-चार पिढ्यांत ओळी बसतात. खरीप आणि उन्हाळी असे दोन हंगाम घेता आले तर दोन वर्षांचं काम.

उन्हाळी पीक घेण्याचा दुसराही फायदा आहे. एकच ओळ एकदा पावसाळ्यात आणि एकदा चैत्राच्या उन्हात तपासली जाते. पारा ३५ अंशांच्या वर गेला की फुलगळ सुरू होते, आणि कोणती ओळ तरीही फळ धरते ते तिथेच कळतं. हरितक्रांतीच्या गव्हाचे जनक नॉर्मन बोरलॉग यांनी मेक्सिकोत गहू असाच दोन वेगळ्या ठिकाणी आलटून पालटून वाढवला होता. घाई पिढ्यांची होती, पण त्यातून निघालेले गहू वेगवेगळ्या प्रदेशांत चालले.

बोकड्याबद्दल थोडं सावध राहा. पानं वर वळली तर फुलकिडे, खाली वळली तर कोळी, आणि पांढरी माशी विषाणू घेऊन आली तर पानं बारीक, चुरडलेली, झाड खुजं. एखादं झाड निरोगी दिसलं म्हणून ते रोगाला दाद देत नाही असं नसतं, माशी तिथे बसलीच नसेल. २५ पैकी २० झाडं निरोगी आणि शेजारची ओळ पूर्ण चुरडलेली, असं दिसलं तरच काही म्हणता येतं. आणखी एक, आपल्याकडे फार दुर्लक्षित होणारी गोष्ट: तंबाखू. निपाणी-गडहिंग्लज पट्ट्यात तंबाखू मळलेल्या हातानेच रोपं उपटली जातात. तंबाखूच्या पानातला मोझॅक विषाणू हाताने मिरचीत जातो आणि बियाच्या सालीवरही राहतो. तरू उपटण्याआधी आणि फुलांना हात लावण्याआधी साबणाने हात धुणं सगळ्यांना सक्तीचं करा.

पाच-सहा ओळी मनासारख्या बसल्या की खरी परीक्षा. आपल्याच रानात दहा वर्षं निवड केली तरी वाण फक्त आपल्याच रानाचा होतो. तीन रानं धरा: एक गडहिंग्लज-कागलकडचं मध्यम, एक शिरोळ-हातकणंगल्याचं काळं, एक आजरा किंवा शाहूवाडीकडचं जांभ्या मातीचं. पाहुण्यांची, मित्रांची रानं चालतात, त्यांनी फक्त मोजणी प्रामाणिक करायला हवी. सगळ्यांचा तरू एकाच ठिकाणी, एकाच दिवशी, एकाच मिश्रणाच्या ट्रेमध्ये टाका आणि ३५-४० दिवसांचा झाल्यावर तिन्हीकडे आठवड्याच्या आत लावा. रोपं वेगवेगळी वाढली तर पुढचा सगळा फरक रोपाचा की रानाचा हे सांगता येत नाही.

सहा ओळी आणि तुलनेला एक नेहमीचा वाण, असे सात. प्रत्येकाची १२ झाडं, आणि हे सगळं प्रत्येक रानात तीनदा. एका रानात २५२ झाडं, पाऊण गुंठाही लागत नाही. कोणती ओळ कुठे हे चिठ्ठ्या टाकून ठरवा, तीन भागांसाठी तीन वेगळ्या चिठ्ठ्या. ‘आपली आवडती ओळ पाण्याजवळ’ हा मोह चिठ्ठीशिवाय आवरत नाही.

मग आकडे असे वाचायचे. समजा, सातही वाणांच्या लांबीची सरासरी तीन रानांत १४, १३ आणि १० सेंटीमीटर आली. पहिली ओळ १६, १५, ९. दुसरी ओळ १३, १२.५, ११.५. नुसती सरासरी बघितली तर पहिली जिंकते: १३.३ विरुद्ध १२.३. पण रान वाईट झालं की ती कोसळते. एबरहार्ट आणि रसेल या पीक संशोधकांची १९६६ची पद्धत इथे कामाला येते: आडव्या अक्षावर रानाची सरासरी, उभ्यावर ओळीची, आणि मधून रेघ. पहिल्या ओळीच्या रेघेचा चढ १.८१ येतो, दुसरीचा ०.३७. चढ १ म्हणजे ओळ रानाबरोबर जेवढ्यास तेवढी बदलते. त्यांनी दुसरीही एक गोष्ट बघायला सांगितली, ती म्हणजे ठिपके रेघेपासून किती लांब पडतात. लांब पडत असतील तर त्या ओळीचा भरवसा नाही. तीन ठिपक्यांवर रेघ ओढणं कच्चं काम आहे, दोन वर्षांचे सहा ठिपके झाल्याशिवाय निकाल देऊ नका.

इथे एक भेद मनात पक्का हवा. लांबी, रंग, सालीचा पातळपणा, तिखटपणा हे बाजाराने वाणाला दिलेलं नाव आहे. ते शक्यतो हलू नयेत, म्हणून तिथे चढ शून्याकडे झुकलेला हवा. उत्पन्नाचं उलट. खत-पाणी घातलं तर झाडाने जास्त द्यायलाच हवं, तिथे चढ १ च्या आसपास आणि सरासरी वरची अशी ओळ घ्यावी. उत्पन्नात अजिबात न हलणारी ओळ म्हणजे चांगल्या रानातही कमीच देणारी ओळ.

तिखटपणा सगळ्यांत चकवा देणारा गुण. तो बियात नसतो, बी ज्याला चिकटतं त्या आतल्या पांढऱ्या गाभ्यात तयार होतो. पाण्याचा ताण पडला, उष्णता वाढली की तो वाढतो, आणि एकाच झाडाच्या दोन तोड्यांतही फरक पडतो. त्यामुळे तिन्ही रानांतून दुसऱ्याच तोड्याची, पूर्ण लाल झालेली फळं घ्या, सारखी वाळवा, देठ काढून बियांसकट कुटा. घरी तपासायचं तर एकेक ग्रॅम चटणी दहा मिलिलिटर कोमट शेंगदाणा तेलात रात्रभर ठेवा (तिखटपणा देणारं कॅप्सेसिन पाण्यात नीट उतरत नाही, तेलात उतरतं), वाट्यांना फक्त क्रमांक द्या आणि तिघांना भाकरीच्या तुकड्याबरोबर चाखायला लावा. दोन वाट्यांमध्ये दहा मिनिटं आणि घोटभर दूध. तिघांचा क्रम जुळला तर तो धरा. शेवटच्या दोन-तीन ओळींचे नमुने मात्र प्रयोगशाळेत एचपीएलसीवर (कॅप्सेसिन वेगळं करून मोजणाऱ्या यंत्रावर) तपासून घ्या, जिभेला मोठा फरक कळतो, बारीक कळत नाही.

बाहेरचा एखादा गुण, समजा बोकड्याला दाद न देणं, जवारीत आणायचाच असेल तर संकर करावा लागतो. संध्याकाळी चार-पाचला उद्या उमलणारी पांढरी टपोरी कळी धरा, स्पिरिटमध्ये बुडवलेल्या चिमट्याने पाकळ्या सोडवा, परागकोष एकेक करून न फोडता काढा आणि पिशवी घाला. दुसऱ्या दिवशी सकाळी नरवाणाचा पराग कुक्षीवर टेकवा. पहिली पिढी एकसारखीच येते, तिच्यावर खूश होऊ नका. निवड दुसरीत. हवे असलेले दोन अप्रभावी गुण एका झाडात यायची शक्यता १६ त एक. असं झाड ९५ टक्के खात्रीने मिळवायला किमान ४७ झाडं लागतात, तीन गुणांना १९१. पन्नास झाडांत चार गुण शोधणं म्हणजे वर्ष वाया. बाजारातल्या संकरित वाणाचं बी धरणारे नकळत हेच करतात, त्यांच्या हातात दुसरी पिढी असते आणि ते तिला वाण समजतात.

बी काढताना दोऱ्याची फळं झाडावरच पूर्ण लाल होऊ द्या. काळा डाग पडलेलं फळ घेऊ नका, फळकुजीची बुरशी बियातून जाते. भर दुपारी तापलेल्या पत्र्यावर किंवा काळ्या कागदावर बी वाळवलं तर ते भाजतं. आधी सावली, मग सकाळचं ऊन. बी वाकवल्यावर वाकलं तर ओलं, तुटलं तर तयार. घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलची पुडी घालून ठेवा. पेरणीआधी १०० बिया ओल्या फडक्यात गुंडाळून चौदाव्या दिवशी मोजा. प्रमाणित बियाण्याला किमान ६० टक्के उगवण लागते, घरच्या नीट ठेवलेल्या बियाने त्याच्या बरंच वर जायला हवं.

शेवटी किती ओळी ठेवायच्या? एकच सर्वोत्तम ओळ ठेवण्याच्या मी विरुद्ध आहे. फळाने सारख्या दिसणाऱ्या चार-पाच ओळी एकत्र करून त्यांचं बी वाण म्हणून वापरावं. बाजारात ढीग एकसारखा दिसतो आणि एखादा रोग आला तर सगळं रान एकदम बसत नाही. ओळींची पाकिटं मात्र स्वतंत्र जपायची. आणि ज्या जुन्या मिश्र बियातून सुरुवात केली, त्यातलंही मूठभर दर दोन-तीन वर्षांनी पेरून ताजं करत राहायचं. पुढे कोणता गुण लागेल ते आज ठरवता येत नाही, आणि तो त्याच मुठीत असू शकतो. हे बी स्वतः पेरणं, देणं-घेणं, विकणं हा हक्क २००१च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला दिला आहे, ब्रँडच्या नावाने विकता येत नाही एवढंच. वाण नोंदवायचा झाला तर तिथेही वेगळेपणा, एकसारखेपणा आणि स्थिरता याच तीन गोष्टी बघतात, तेव्हा तिन्ही रानांच्या वह्या तारखांसकट सांभाळून ठेवा.